तासणीचे वय : माझ्याच एका धाग्याची दुरुस्ती

१/२२
आजचा धागा ही एक दुरुस्ती आहे. दोन वर्षांपूर्वी मी येथे एका दगडाचे छायाचित्र टाकले होते आणि खाली लिहिले होते : "दोन लाख वर्षांपूर्वीची तासणी. चामोर्शी तालुका, जिल्हा गडचिरोली." माझ्या इतर कोणत्याही लेखनापेक्षा तो धागा अधिक वाचला गेला. त्यातला दगड खरा होता, तालुका खरा होता, तासणी हे नावही बरोबर होते. दोन लाख हा आकडा मात्र मी कशावरूनही काढलेला नव्हता. तो शोभून दिसला म्हणून लिहिला होता. त्या आकड्याने पुढे काय केले ते शेवटी सांगते. आधी असे दगड ओळखायचे कसे आणि त्यांचे वय ठरते कसे, ते क्रमाने पाहू.

२/२२
माझे आजोळ वैनगंगेच्या पूर्वेला. २०१९ च्या मे महिन्यात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपून मी तेथे गेले होते. गावाबाहेरचा नाला उन्हाळ्यात कोरडा असतो. लालसर मुरुमाच्या तुटलेल्या काठाखाली, पात्रात, मला मधाच्या रंगाचा एक चपटा दगड दिसला. लांबी अंगठ्याहून थोडी अधिक. एक कड जाड व बोथट, दुसरी कमानीसारखी वळलेली आणि बारीक टवके उडालेली. मी तो उचलला, किल्ल्यांसह खिशात टाकला आणि घरी येऊन हापशीवर दात घासण्याच्या ब्रशने घासून धुतला. उचलणे, खिशात टाकणे, घासणे : एवढ्यातच माझ्या हातून तीन चुका झाल्या होत्या.

३/२२
आधी प्रदेशाविषयी. चंद्रपूर आणि गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. जुन्या अहवालांत शोध घ्यायचा तर 'चांदा' या नावाखाली घ्यावा लागतो. या भागातील अश्मयुग म्हटले की पहिले नाव येते ते पापामियाँ टेकडीचे. चंद्रपूर शहराजवळ, झरपट नदीच्या परिसरात ही जागा आहे. हातकुऱ्हाडी, फरशा, तासण्या, छिलके असा पुराश्मयुगीन ऐवज तेथून मिळाला आहे. मी चंद्रपुरातच वाढले. महाकालीची यात्रा मला ठाऊक होती, परकोट ठाऊक होता, कोळशाच्या खाणी तर दारातच होत्या. झरपटच्या काठी हे सारे आहे, हे मात्र एकोणिसाव्या वर्षी पुस्तकातून कळले.

४/२२
हत्यारासाठी कोणताही दगड चालत नाही. फोडला असता काचेसारखा फुटेल, म्हणजे शिंपल्यासारख्या खोलगट पृष्ठांनी फुटेल, असा बारीक कणांचा दगड हवा : चर्ट, कॅल्सेडनी, जास्पर किंवा चांगल्या प्रतीचा क्वार्ट्झाइट. वैनगंगा सिवनीच्या बाजूने, बेसाल्टच्या प्रदेशातून येते. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या कॅल्सेडनीच्या व जास्परच्या गारगोट्या तिच्या प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. चंद्रपूरकडच्या चुनखडकांत चर्टही आढळतो. अश्मयुगीन माणसाला कच्चा माल नदीच्या पात्रातच मिळत होता. हे लक्षात ठेवले की असे दगड कोठे पाहावेत याचाही अंदाज येतो.

५/२२
आता ओळख. दगड निसर्गतःही फुटतात. मग माणसाने फोडलेला तुकडा वेगळा कसा कळतो? एका दगडावर दुसऱ्याचा नेमका घाव बसला की तुकडा निघतो. त्याला छिलका म्हणतात, आणि ज्यातून तो निघाला त्याला गाभा. छिलक्याच्या एका टोकाला घाव बसलेली लहान सपाट जागा असते. तिच्या लगेच खाली, आतल्या बाजूस, एक फुगवटा असतो. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तशा वक्र रेषा त्या फुगवट्यापासून खाली पसरत जातात. उन्हाने तडकलेल्या दगडावर गोल खळगे दिसतील, पण घावाची जागा, फुगवटा आणि तरंग हे तिन्ही एकत्र सापडणार नाहीत.

६/२२
ही झाली छिलक्याची पोटाकडची बाजू. आता तो उलटा करून पाठ पाहावी. पाठीवर आधी निघून गेलेल्या छिलक्यांचे ठसे असतात आणि त्यांच्या मधून कंगोरे जातात. एकाच दिशेने, एकामागून एक निघालेले ठसे दिसले तर फोडणारा योजनेने काम करीत होता असे म्हणता येते. पाठीवर गारगोटीची मूळची खरखरीत साल किती शिल्लक आहे तेही पाहावे. पूर्ण साल असेल तर तो गाभ्यावरून अगदी सुरुवातीला निघालेला तुकडा. माझ्या दगडाच्या पाठीवर तीन ठसे होते आणि जाड कडेला सालीची एक पट्टी. हाताला टोचू नये म्हणून ती कड तशीच ठेवली असावी, असे मला वाटते.

७/२२
छिलका ओळखला म्हणजे तासणी ओळखली असे नव्हे. तासणीसाठी छिलक्याच्या कडेवर पुन्हा काम केलेले असावे लागते : हलक्या घावांनी किंवा दाबाने उडवलेले लहान टवके, सलग, एकमेकांना लागून, साधारण सारख्या आकाराचे आणि बहुधा एकाच बाजूला. गुरांच्या पायाखाली आलेल्या दगडाच्या कडाही झिजतात व तुटतात; पण ते टवके विस्कळीत असतात, कधी या बाजूला तर कधी त्या, मध्ये मोकळी जागा सोडून. नांगराच्या फाळाचा घाव तर चटकन कळतो : जुन्या पृष्ठावर रंग चढलेला असतो, ताजी जखम वेगळ्या रंगाची दिसते.

८/२२
या भागात एक फसवी वस्तू फार सापडते, ती म्हणजे रस्त्याची गिट्टी. यंत्रात चिरडलेल्या दगडावरही घावाच्या खुणा असतात, कधी फुगवटाही दिसतो. परंतु गिट्टीवर सर्व बाजूंनी, कोणत्याही क्रमाविना मार बसलेला असतो. कडा ताज्या असतात आणि कोणत्याही एका कडेवर सलग काम नसते. सिरोंचा तालुक्यातून अश्मीभूत लाकडाची छायाचित्रे पाठवून "हे हत्यार आहे का?" असे विचारणारे वाचकही आहेत. तेथील वडधमचा जीवाश्मांचा परिसर प्रसिद्धच आहे. ते लाकूड माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचे. त्याचे मोल वेगळे आणि मोठे, पण हत्यार म्हणून नव्हे.

९/२२
पुढची कसोटी कडेच्या कोनाची. कापण्यासाठी पातळ धार हवी. पाते तीस-चाळीस अंशांच्या कोनात निमुळते होते. तासण्यासाठी तशी धार उपयोगाची नाही, ती लगेच मोडेल. तासणीची कड उभट असते, बहुधा पन्नास अंशांच्या पुढे. म्हणूनच नवशिक्याला ती बोथट आणि बिघडलेली वाटते. मलाही प्रथम वाटले की धार नसलेला हा दगड कोणी टाकून दिला असेल.

१०/२२
प्रकार थोडक्यात. लांब कडेवर काम असेल तर पार्श्वतासणी. छिलक्याच्या किंवा पात्याच्या टोकावर असेल तर अग्रतासणी. कड बाहेर वळलेली, सरळ किंवा आत वळलेली असू शकते. आत वळलेली तासणी भाल्याचा दांडा किंवा काठी गुळगुळीत करायला सोयीची. मध्य पुराश्मयुगात पार्श्वतासण्या विपुल मिळतात, उत्तर पुराश्मयुगात अग्रतासण्यांचे प्रमाण वाढते, मध्याश्मयुगात नखाएवढ्या तासण्याही दिसतात. पण ही भाषा प्रमाणाची आहे. शंभर दगडांच्या समूहाला ती लागू पडते, एका दगडाला नाही. माझी चूक नेमकी येथेच झाली.

११/२२
या वर्गीकरणाचा मोठा आचार्य म्हणजे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रांस्वा बोर्द. त्याने आद्य व मध्य पुराश्मयुगातील छिलक्यांच्या हत्यारांचे ६३ प्रकार केले, आणि त्यांतील २१ प्रकार एकट्या पार्श्वतासण्यांचे आहेत. पुढे १९८० च्या दशकात हॅरल्ड डिबल या अमेरिकी संशोधकाने प्रश्न विचारला : हे खरोखरच वेगवेगळे प्रकार आहेत की एकाच हत्याराच्या आयुष्यातील अवस्था? तासणी बोथट झाली की तिला पुन्हा टवके काढून धार देतात. प्रत्येक वेळी ती लहान होते, आकार बदलतो, एका कडेची दोन कडांची होते. पेन्सिल टोक करून करून आखूड व्हावी तसे. शेवटी टाकून दिलेला दगड आपल्या हाती येतो आणि आपण त्याला स्वतंत्र नाव देतो.

१२/२२
'तासणी' या नावातही एक गृहीतक दडलेले आहे. सुताराची तासणी आपण पाहिलेली असते, म्हणून दगडाचीही त्याच कामाची असे मानतो. प्रत्यक्ष काम कोणते हे पाहण्यासाठी सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह याने सूक्ष्मदर्शकाखाली कडांवरची झीज तपासण्याची पद्धत रुजवली. त्याचा ग्रंथ १९५७ चा. कातडे, लाकूड, हाड यांच्यावर काम केल्यावर कडेवर वेगवेगळी चकाकी व ओरखडे उमटतात. कधी वनस्पतीचे किंवा चरबीचे अंशही टिकून राहतात. आता माझ्या खिशातील किल्ल्या आणि दात घासण्याचा ब्रश आठवा. किल्ल्यांनी नवे ओरखडे दिले असतील, आणि काही अंश उरले असतील तर ते हापशीच्या पाण्याबरोबर वाहून गेले.

१३/२२
दगडी तासणी केवळ अश्मयुगाची, हीही समजूत चुकीची. इथिओपियाच्या दक्षिणेकडील कोन्सो समाजातील स्त्रिया अगदी अलीकडेपर्यंत दगडी तासण्या स्वतः घडवून, लाकडी मुठीत बसवून कातडी कमावीत आल्या आहेत. दगड निवडणे, फोडणे, धार देणे, सारे त्यांच्याच हातचे. पाठ्यपुस्तकांतील चित्रात हत्यार घडवणारा नेहमी पुरुष असतो. ते चित्र कशाच्या आधारावर काढले आहे, असे विचारायला या स्त्रियांनी आपल्याला शिकवले.

१४/२२
आणि इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. गेल्या दिवाळीत मामा अंगणात कुऱ्हाडीचा नवा दांडा करीत होते. रंधा नव्हताच. त्यांनी फुटक्या बाटलीचा तुकडा दोन्ही हातांत उभा धरला आणि दांड्यावरून स्वतःकडे ओढत राहिले. कागदासारखी तलम साल निघत होती. धार गेली की तुकडा फेकून दुसरा घेत. मी एक फेकलेला तुकडा उचलून पाहिला : कडेवर बारीक टवके, सलग, एका बाजूला. मला पाहून मामा म्हणाले, "गोट्यायनं पोट नाही भरलं, आता काचा जमा करून रायली का वं?" पन्नास-साठ अंशांची कड कशासाठी लागते, हे पुस्तकापेक्षा त्या अंगणात मला अधिक नीट कळले.

१५/२२
आता वयाकडे येऊ. भारतातील पुराश्मयुगाचा शोध सुरू होतो ३० मे १८६३ रोजी, मद्रासजवळच्या पल्लावरम येथे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट याला तेथे दगडी हत्यार मिळाले. महाराष्ट्रात ही कथा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया पुढे नेतात. १९५४ ते ५६ या काळात नेवासे येथे काम करताना प्रवरेच्या काठाच्या थरांत त्यांना छिलक्यांवर केलेल्या तासण्या, टोचण्या आणि अण्या मिळाल्या. हातकुऱ्हाडींचा थर खाली, हा वर. म्हणजे हा टप्पा नंतरचा. त्यातून भारतातील मध्य पुराश्मयुगाची वेगळी ओळख ठरली. त्याला 'नेवासी' हे नावही काही काळ रूढ होते.

१६/२२
येथे तर्क नीट पाहा. सांकलियांना वय सांगणारी गोष्ट तासणीचा आकार ही नव्हती, तर तिची जागा होती. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. याला सापेक्ष कालक्रम म्हणतात : कोण आधी आणि कोण नंतर एवढेच तो सांगतो, किती वर्षे हे सांगत नाही. वर्षे मोजायला दुसरी साधने लागतात. कार्बन-१४ सर्वांना ठाऊक असते. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्यामुळे साधारण पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे ते पोहोचत नाही. आणि ते मोजते कोळसा, हाड, लाकूड यांना. दगडात मोजण्यासारखा कार्बन नाही.

१७/२२
म्हणून दगडाऐवजी त्याच्या सोबतच्या वाळूचे वय काढतात. वाळूचा कण गाडला गेला की भोवतालच्या मातीतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात साठत जाते. ऊन लागले की साठा रिकामा होतो. प्रयोगशाळेत त्या कणावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. तिच्यावरून तो कण शेवटचे ऊन पाहून किती वर्षे झाली हे काढता येते. यासाठी थरात नळी ठोकून, ऊन लागू न देता नमुना घ्यावा लागतो. वय मिळते ते वाळूचे. दगडाचे तेच, असे म्हणायचे तर दगड त्याच थरात, हललेला नसताना, पाहिलेला असावा लागतो.

१८/२२
एवढे करूनही वाद संपत नाहीत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख मिळाली. त्या राखेचे वय कोणी १४ लाख वर्षे काढले, कोणी पावणेसात लाख, तर कोणी ती सुमात्रातील तोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथे याच वाळूच्या पद्धतीने २०१८ मध्ये मध्य पुराश्मयुगाचा आरंभ सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपर्यंत मागे गेला. त्याआधी भारतात तो साधारण सव्वा लाख वर्षांचा मानला जाई. अनेक वर्षांचे उत्खनन आणि प्रयोगशाळा पाठीशी असलेल्यांची ही स्थिती. माझ्यापाशी फक्त हापशीवर धुतलेला एक दगड होता.

१९/२२
एम.ए.ला प्रवेश घेतल्यावर मी तो दगड मोठ्या अभिमानाने विभागातील सरांना दाखवला. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. बाह्यवक्र पार्श्वतासणी. कोणत्या थरातली?" मी म्हटले, नाल्यात पडलेली होती. "काठाचे छायाचित्र?" नाही. "आजूबाजूला आणखी छिलके होते?" पाहिले नाही. मग ते हळूच म्हणाले, "मग हे दोन लाख कुठून आले?" त्यांनी माझा धागा वाचलेला होता.

२०/२२
धागा आणखीही काही जणांनी वाचला होता. तो फिरत फिरत आजोळच्या गावात पोहोचला. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा दहावी-बारावीतील तीन मुले सिमेंटचे एक पोते ओढत अंगणात आली. "ताई, तुमच्यासाठी जमा करून ठेवले." त्यात एकेचाळीस दगड होते. पात्रात फार मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी फावड्याने लाल मुरुमाचा तो काठच ओढला होता. वर पावसाळा झाला आणि उरलेला काठ ढासळला. आम्ही ओसरीवर बसून एकेक दगड पाहिला : बहुतेक साध्या गारगोट्या, काही गिट्टी, नऊ छिलके. त्यांतील दोन तासण्या, दोन्ही माझ्या दगडाहून सुंदर. म्हणजे त्या काठात खरोखर काही होते. वाळू अजूनही तेथे आहे, पण कोणता दगड कोणत्या थरात होता हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

२१/२२
त्या मुलांवर मी रागावले नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. मी जे केले तेच त्यांनी अधिक मेहनतीने केले होते. त्याऐवजी आम्ही चौघे नाल्यावर गेलो आणि वरच्या अंगाला दीड किलोमीटर चाललो. एका वळणावर तसाच लाल थर आहे. तेथे दिसलेल्या छिलक्याला कोणीही हात लावला नाही. शेजारी पट्टी ठेवून दगडाचे, थराचे आणि पूर्ण काठाचे छायाचित्र घेतले, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपले, तारीख लिहिली. ती टिपणे मी विभागात दिली आहेत. तुम्हालाही कधी असे काही दिसले तर एवढेच करा, आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर लिहू नका. मीही ती येथे लिहिलेली नाही.

२२/२२
जुना धागा मी काढून टाकलेला नाही. त्याच्या खाली या धाग्याचा दुवा जोडला आहे. दगड आता विभागाच्या कपाटात आहे आणि त्याच्या पिशवीवरची चिठ्ठी मी नव्याने लिहिली : "चर्टचा छिलका. बाह्यवक्र पार्श्वतासणी, एका कडेवर सलग टवके. नाल्याच्या पात्रातून, मे २०१९. थराची नोंद केली नाही. घासून धुतलेला. काळ सांगता येत नाही." एकेचाळीसांतील नऊ छिलक्यांनाही तशीच चिठ्ठी आहे, तीन मुलांच्या अक्षरांत. त्यांतल्या धाकट्याने परवा फोन करून विचारले, "ताई, वरच्या नाल्यावरचा तो गोटा अजून तिथेच आहे. पावसाळ्यात वाहून गेला तर?" मी त्याला सांगितले, जाऊ शकतो, म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा एकदा जाऊन छायाचित्र घे. पुढचा धागा हिरापूरच्या महापाषाणीय शिळांवर.